वसमतला गेलेली नानकटाई

खालचा तांडा, ता. कळमनुरी
१६ ऑक्टोबर २०२५

निताबाईस धाकट्या दिपकचा सा. न. वि. वि. (चारी अक्षरं बराबर लिहिलीत, पुढचं वाचून राग आला तर ही आठव.)

आधी गुन्हा सांगून टाकतो, मग खुशाली. वसमतच्या पाहुण्यांकडं दिवाळीची नानकटाई जाणार हाय, तिच्या पिठात मी पिपरमिंटचे खडे टाकले. पानवाला पानात कणभर टाकतो ते. मी अर्धी पुडी टाकली.

खुशाली अशी की घरी सगळे बरे हायेत, कारण घरच्यांनी ती खाल्ली न्हाई.

झालं असं. दरसालच्यासारखी याडी, म्हणजे आपल्या मातोश्री शकुंतलाबाई, कळमनुरीच्या भट्टीवर गेल्या. मैदा, बेसन, साखर त्यांच्या डोक्यावर, परात माझ्या. दिवाळीच्या आधी भट्टीवर कसं असतं तुला ठावं हाय. बाया रांगेत बसून आपापलं पीठ मळतात आन आपापली खूण करतात, न्हाईतर एकीच्या तुपाची नानकटाई दुसरीच्या डब्यात जाती आन पुढची दिवाळी येईपर्यंत बोलणं बंद. याडीनं घरची डालड्यात मळली, तिच्यावर काडीनं फुली मारायची. वसमतची तुपात मळली, तिच्यावर चारोळी लावायची. चारोळी कमी पडली म्हणून मला परातीपाशी बसवून ती दुकानात गेली. तेवढ्यात काम झालं. पुडी माझ्या खिशात सकाळपासूनच होती, त्यामुळं चुकून झालं असं मी म्हणत न्हाई.

याडीला सर्दी हाय, तिला वास आला न्हाई. पण भट्टीचं दार उघडलं तवा भट्टीवाले चाचा मागं सरले आन डोळे पुसत म्हणले की ही विलायची कोणत्या मुलखाची. शेजारच्या एका बाईचं चोंदलेलं नाक मोकळं झालं. ती म्हणली की आता मला कुणी तूप घातलं आन कुणी तुपाचं नाव घेऊन डालडा घातला ते वासावरून कळून राहिलं. त्यावरून तिकडं जे भांडण लागलं, त्यात आपल्या ट्रेकडं कुणाचं ध्यान गेलं न्हाई.

काहून केलं ते तुला सांगायची गरज न्हाई. जगनकाकानं मध्यस्थी करून निरोप आणला की पाहुण्यांना तुझं लग्न डिसेंबरातच पाहिजे आन सून नोकरीत नको. म्हणजे तुझी ट्रेनिंग अर्ध्यात सुटणार. बाचं तर तुला ठावं, मुलाकडच्यांनी सांगितलं की त्याच्या तोंडात न्हाई हा शब्द येतच न्हाई. तूच लिहिलं होतं की तिकडूनच नकार आला तर सुटले. मी तिकडच्यांना थोडी मदत केली, एवढंच.

परवा बा डबा घेऊन वसमतला जाईल. झाकणावर मोर असलेला चांगला डबा हाय, वाईट वाटलं तर त्याचंच वाटतं.

हे पत्र फाडून टाक, माया तेवढी फाडू नको.
तुझा दिपक

•

पोलीस प्रशिक्षण केंद्र, नागपूर
२४ ऑक्टोबर २०२५

चि. दिपकास अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे तू सुधारशील या अटीवर.

तुझं पत्र मिळालं. वाचून मी हसले न्हाई, हे आधी लिहून ठेवते. माझी खोलीतली मैत्रीण हसली. तिला मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर धाडलं.

आमची दिवाळी मैदानावरच झाली. मेसमध्ये एकेक लाडू दिला, तो नेम धरायला बरा होता. फोन रविवारी हातात येतो, तवा तिकडं अख्खा तांडा गोळा झालेला असतो, म्हणून हे कागदावर लिहिते.

तुझी अक्कल अर्धीच चालती. अरे, नानकटाई याडीच्या नावानं गेली हाय. नकार आला तर लोक काय म्हणतील, शकुंतलाबाईच्या हातानं पोरीचं मोडलं. मला नकार माझ्या नावानं पाहिजे होता, तिच्या हाताच्या नावानं न्हाई. हे तुझ्या डोक्यात आलं न्हाई, कारण तिथं पुडी होती.

पोरगा वाईट न्हाई रे. देविदास आला होता तवा मला एकच गोष्ट इचारली, की पहाटेच्या परेडीला उठवतं कोण. मी म्हणले शिट्टी. त्यावर त्यानं मान हलवली, जशी काही शिट्टी त्याच्या ओळखीची हाय. पण चांगला असला तरी काय करू. पहिल्या भरतीत मी पळण्यात बाद झाले. दुसऱ्या भरतीला कालव्याच्या रस्त्यानं पळून पळून पायाची नखं गेली, तवा ही वर्दी अंगावर आली. ट्रेनिंग मेपर्यंत हाय. मधी सोडून गेलेल्या पोरीचं नाव इथं दुसऱ्या दिवशी हजेरीत नसतं. मला त्या हजेरीतून जायचं न्हाई.

पाहुण्यांचं काय झालं ते लगेच कळव. याडीची सर्दी कशी हाय तेही. तिला काढा दे, त्यात दुसरं काही टाकू नको.

तुझ्यावर लोभ हाय, भरवसा न्हाई.
निता

•

वसमत
३० ऑक्टोबर २०२५

सौ. शकुंतलामावशींना देविदासचा सा. न. वि. वि. उत्तमसिंग काकांना दंडवत.

आपला दिवाळीचा डबा पोचला. आई पद्माबाई हिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो. मी हिंगोलीला एसटी डेपोत मेकॅनिक असल्यामुळं अक्षर तेलकट आहे, माफी असावी.

नानकटाई फार वेगळी होती. असा प्रकार आमच्याकडं यापूर्वी कुणी खाल्लेला नाही. आमची आजी मिराबाई हिनं अर्धी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत गप्प बसली. ती सहसा गप्प बसत नाही. शेजारच्या लेकरांना वाटली, तेव्हापासून लेकरं आमच्या अंगणात दंगा करत नाहीत. मी रोज डेपोत नेतो. तिथं एक जण सर्दीनं बेजार होता, तो आता बरा आहे. तुपाचा हात तर स्पष्ट कळतो, बाकीचं ओसरल्यावर.

डबा रिकामा धाडू नये म्हणून आईनं घरची हळद भरली आहे. आपण पुन्हा तकलीफ घेऊ नये ही मनापासून विनंती. खरंच घेऊ नये.

आपली माया आहेच, ती डब्याशिवायही पोचते.
आपला
देविदास

•

खालचा तांडा, ता. कळमनुरी
८ नोव्हेंबर २०२५

चि. निताला याडीचे पोटभर आशीर्वाद. याडी सांगून राहिली, मी दिपक लिहून राहिलो. कंसातलं माझं, बाहेरचं तिचं.

लेकी, तू जेवतीस का बराबर. रविवारी फोनवर तुझा आवाज बारीक वाटला. (वीसजण कान लावून बसल्यावर फोनच बारीक होतो.)

आनंदाची गोष्ट ही की वसमतच्या पाहुण्यांना आपली नानकटाई लई आवडली. जावयाचं पत्र आलं. (जावई म्हणू नको म्हणलं, तर मला लाटणं दाखवलं.) दिपककडून मी ते परत परत वाचून घेतलं आन तांड्यातल्या बायांनाबी ऐकवलं. पुन्हा तकलीफ घेऊ नये असं लिहिलंय. माणूस असं लिहितो तवा त्याला अजून पाहिजे असतं, एवढं मला शाळेत न जाता कळतं.

मी दिपकला इचारलं की वेगळी होती म्हणजे काय. तर म्हणला की निताबाईनंच नागपूरची रीत कळवली होती, पिपरमिंट टाकायची, तुला सांगायचं राहिलं. (बाई, लाटणं हातात होतं तिच्या. तुझं नाव लांब होतं, तेच सुचलं.) माझा ऊर भरून आला. परेड करून करून थकलेलं लेकरू, त्यातून सासरची आठवण ठेवती. मी लगेच पद्माबाईला फोन लावला आन सांगितलं की ही आमच्या निताची रीत हाय. ती बिचारी म्हणली की पोरगी गुणाची हाय.

हळदीचा डबा रिकामा परत धाडायचा का? म्हणून पुन्हा भट्टीवर गेले. आवडली म्हणून पिपरमिंट जरा जास्तच टाकली. (जरा न्हाई.) तो डबा गेला, त्यात शेंगा भरून आला. आता शेंगांचा डबा रिकामा कसा धाडू? तिसरा घाणा काल काढला. भट्टीवाला आता आपली ट्रे अंगणात काढून मग दार उघडतो. डबा यावेळी दिपक घेऊन जाईल, कारण यष्टीचा कंडक्टर मागच्या खेपेपासून न्हाई म्हणतो. त्याला बिचाऱ्याला काम असेल.

जगनकाका सांगत होता की पाहुणे एवढे खूश हायेत तर आता तारखेचं बोलून टाकू. बासुद्धा हो म्हणला. तू रजेचा अर्ज करून ठेव.

अंगावर पांघरूण घेत जा. लेकी, तुझ्यामुळं माझी मान तांड्यात वर झाली.
तुझी याडी
(आन खाली मान घातलेला दिपक)

•

पोलीस प्रशिक्षण केंद्र, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

दिपक,

आशीर्वाद यावेळी राखून ठेवले हायेत.

तुझ्या मदतीचा हिशेब असा झाला. लग्न मोडायचं होतं ते लवकर होऊन राहिलं. मी कधी परातीला हात लावला न्हाई, ती आता वसमतला सुगरण म्हणून ओळखली जाते. उद्या मला तिथं भट्टीसमोर उभं करतील आन म्हणतील, कर. इथं मला बंदूक खोलून जोडता येती, नानकटाई येत न्हाई.

याडीला खरं सांगू नको. तिनं मान वर केली म्हणून लिहिलंस, ते वाचून मी मैदानावर चकरा वाढवून घेतल्या. तिला आता खाली बघायला लावणारी मी न्हाई.

तू डबा घेऊन वसमतला जाणारच हायेस, तर पद्माबाईसमोर बस आन सांग. पिपरमिंट कुणी टाकली, काहून टाकली, आन निता ट्रेनिंग सोडणार न्हाई. मग ते नाराज होऊ देत, शिव्या देऊ देत, मोडू देत. माझ्या नावानं मोडू देत. तुला आजवर कुणी खरं बोलायला सांगितलं न्हाई, कारण कुणाला आशा नव्हती. मी सांगते.

तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं कळव. मी रजा टाकून स्वतः जाईन. रजेचे दिवस तुझ्या डोक्यावर.

बाकी काही मागत न्हाई. हे केलंस तर तूच माझा भाऊ.
निता

•

खालचा तांडा, ता. कळमनुरी
२३ नोव्हेंबर २०२५

निताबाईस दिपकचा सा. न. वि. वि. राखून ठेवलेले आशीर्वाद आता सोडायला हरकत न्हाई, पण वाचून ठरव.

मी वसमतला गेलो, खरं सांगितलं आन जसा गेलो तसा परत आलो. नाक तेवढं अजून थंड हाय.

डबा मांडीवर घेऊन यष्टीत बसलो तर बाळापूरपर्यंत शेजारची सीट रिकामीच राहिली. पाहुण्यांच्या दारात हळद शिजवायची मोठी कढई पालथी पडलेली, तिच्यावर लेकरं बसलेली. डब्यावरचा मोर बघितला आन सगळी घराच्या मागं पळाली. मला वाटलं, लाजली.

पद्माबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, तुझी खुशाली इचारली, च्या ठेवला. च्यासंगं बशी आली, बशीत दुसऱ्या डब्यातली आपलीच नानकटाई, चारोळीसकट. बाई, मी आजवर ती तोंडाला लावली नव्हती. टाकणारा कुठं खातो. पण पाहुण्याला न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून घास घेतला. आधी गोड लागली. मग कान गार पडले. मग नाकातून असा वारा गेला जशी डोक्याला मागून खिडकी हाय. डोळे वाहायला लागले म्हणून घाईघाईनं पाणी प्यालो, तर घशात बर्फाची लादी सरकली. पद्माबाई समोर बसून शांतपणे बघत होती. तिनं इचारलं की तुमच्याकडं लहानपणापासून हेच खातात का. मी मान हलवली, कोणीकडं ते मलाबी कळलं न्हाई. तिनं दुसरी पुढं केली.

तेवढ्यात देविदासभाऊ डेपोतून आला. हात पुसले, राम राम केला आन उभ्याउभ्याच बशीतली एक उचलून खाल्ली. कुणी म्हणलं नव्हतं. खाऊन झाल्यावर खिशातून भाकरीचा कोरडा तुकडा काढून चावला. मला म्हणला की वरून पाणी पिऊ नये, भाकर खावी, सवयीनं जमतं. मी इचारलं की तुमाला आवडती का. तो म्हणला की चांगली होती. त्याचे डोळे टमाट्यासारखे झालेले. मग मिराआजी ओसरीवरून बोलली की पहिल्या डब्यापासून हाच एकटा संपवून राहिला, दुसरा आला तवा आमी म्हणलं गुरांना टाक, तर म्हणतो पोरगी तिकडं पहाटेपासून पळती, त्यातून जीव लावून रीत कळवती, गुरांना कशी टाकू.

मला मार खायची सवय हाय, शिव्यांची तर हायच. पण माझ्या अर्ध्या पुडीपायी एक माणूस महिनाभर रोज डोळे पुसून चांगली होती म्हणतो, ह्याची सवय न्हाई. मी बशी खाली ठेवली आन सगळं सांगितलं. खिशातली पुडी, भट्टी, तुझं नाव कसं घेतलं, लाटणंसुद्धा. शेवटी सांगितलं की निताबाई ट्रेनिंग सोडणार न्हाई, तुमाला मोडायचं तर तिच्या नावानं मोडा, याडीच्या हाताला नाव ठेवू नका.

पद्माबाईनं पदरानं तोंड झाकलं, मला वाटलं रडती. हसत होती. मग गंभीर होऊन इचारलं की सून नोकरीत नको असं आमच्यातलं कोण म्हणलं. मी म्हणलं जगनकाका. ती म्हणली की जगननं तर आमाला सांगितलं, की उत्तमसिंगलाच (म्हणजे आपल्या बाला) घाई झाली हाय, पोरगी डिसेंबरात उजवून मोकळं व्हायचं म्हणतो, नोकरी काय, पोरगी सोडून देईल. तिकडं हे लोकच विचारात पडले होते की एवढं पळून मिळवलेलं कोण सोडतं. पण मुलीकडच्यांना उलट कसं इचारावं म्हणून गप्प. देविदासभाऊनं तर चौकशी करून ठेवलेली, की ट्रेनिंग झाल्यावर हिंगोलीत पोस्टिंग मिळती का. मिराआजी म्हणली की दोन्ही घरं जगनच्या तोंडानं बोलली, म्हणून दोन्ही घरांच्या तोंडात पिपरमिंट पडली.

मग पद्माबाईनं तिथंच बाला फोन लावला. आवाज एकदम विहिणीचा केला. म्हणली की आमची एक अट हाय. लग्न मेमधी परेड झाल्यावरच होईल, आमाला वर्दीतली सून पाहिजे, अर्ध्यात सोडलेली चालणार न्हाई. बा म्हणला की तुमची अट हाय तर मान्य करावीच लागेल. घरी आल्यावर मला सांगत होता की मुलाकडचे लोक लई कडक हायेत, पण मी सांभाळून घेतलं.

तर आता इकडं असं चालू हाय. बाला वाटतं त्यानं पाहुण्यांचं मन राखलं. जगनकाका पारावर सांगून राहिला की वर्दीची अट मीच घालून घेतली. आन याडीला वाटतं तिसऱ्या डब्यानं काम केलं. तांड्यातल्या दोन बाया तिच्याकडं पिपरमिंटचं माप इचारायला आल्या होत्या. ती म्हणली की अंदाजानं, आन हात मोठा ठेवायचा. तिघं तीन गोष्टींवर खूश हायेत, त्यातली एकबी खरी न्हाई. खरं फक्त वसमतच्या घराला ठावं हाय आन ते लोक शब्दाचे पक्के निघाले.

म्हणून हात जोडून सांगतो, तू तोंड उघडू नको. रविवारच्या फोनवर याडीनं रीत इचारली तर हो म्हण. बाला म्हण की पाहुण्यांची अट जड हाय पण पाळीन. जगनकाकाला काहीच म्हणू नको, तो आपोआप बोलतो.

आन एक राहिलं. यष्टीपर्यंत सोडायला देविदासभाऊ आला होता. गाडी लागली तवा माझ्यासंगं आत चढला आन म्हणला की म्हणजे त्या रीतीत तिचं काहीच नव्हतं. मी न्हाई म्हणलं. तो हो म्हणला आन दुसरीकडं बघायला लागला. त्याच्याकडं मला बघवलं न्हाई, म्हणून म्हणलं की रीत तिची नव्हती, पण तिनं पत्रात तुमची खुशाली इचारली हाय, पहाटे लवकर उठता का म्हणून. बाई, गडी असा हसला की कंडक्टरनं दोनदा बेल मारली तरी खाली उतरेना. तू तसं काही लिहिलं नव्हतं, मला ठावं हाय. माझ्याच्यानं एवढं एक खोटं निघून गेलं. जमलं तर पुढच्या पत्रात एक ओळ खरीच लिही, मी पोचती करतो. न्हाई जमलं तर राहू दे. पण तुझ्या पाया पडतो निताबाई, हे कुणाला सांगू नको, त्याला तर अजिबात सांगू नको.

तुझाच
दिपक